चौथा कोपरा

सर्वपित्री अमावस्या झाली आणि तांड्यात कोयत्यांना धार लागू लागली. बार्शीपासून एसटीनं तासभर वर, बालाघाटाच्या उतारावर चाळीस घरांचा तांडा. दिवाळी आटोपली की ट्रक येतो. भांडी, शेळ्या, लहान पोरं त्यात चढतात आणि तांडा सहा महिने ऊसतोडीला खाली उतरतो. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.

धुमाबाई राठोडच्या घरातला कोयता मात्र आढ्याला खोचलेलाच होता. तिचा नवरा थावरा गेल्या फाल्गुनात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरला. मोळी एकीकडं गेली आणि तो कमरेतून फळीच्या कडेवर आला. तेव्हापासून बाजेवरून उठायचं म्हणजे आधी कुशीला वळायचं, मग कोपर टेकायचा, मग दोन श्वास थांबायचं. चालता येई. वाकायचं नाव नव्हतं.

ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर वाहायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता कुठला मुकादम हौसेनं नेत नाही. थावराच्या जागी उभं राहण्याजोगं घरात एकच माणूस होतं, ती सोनल. सतरा वर्षांची, बारावीला. पहाटेच फाट्यापर्यंत चालत जायची, तिथून साडेसहाची बार्शीची गाडी धरायची. गेल्या दोन हंगामांत ती आजोळी राहून शिकली. आता आजोळीही कुणी उरलं नव्हतं.

धुमाबाईनं उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, "यंदा माझी सुई काय तोडायचं ते तोडंल. पोरगी फडात येणार न्हाय."

सुईचं काम सोलापूरच्या राजेश्वरीताईंच्या संस्थेकडून येई. कापड नि दोरा त्यांचा, हात तांड्यातल्या बाराजणींचे. धुमाबाई पहाटे अंघोळ करून सतीमातेच्या चबुतऱ्यावर दिवा लावी, आणि तो लागल्याशिवाय सुईला हात लावत नसे. शुक्रवारी एकवेळ जेवे. हे ती कुणाला सांगत नसे. सोबतच्या बायकांना तिच्या रिकाम्या ताटावरून कळे. कापडावर ती आधी रेघ ओढत नसे. विणीचे धागे मोजायचे, चार वर, चार आडवे, की टाका. आरशाभोवती दोरा फिरवायचा तो आरसा हलणार नाही आणि तडकणारही नाही इतकाच ओढायचा. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक सुई टोचून टोचून मसुरीच्या दाण्यासारखं कठीण झालं होतं.

दोन महिने झाले, कापड आलं नव्हतं. आला तो फोन.

"धुमाबाई, येत्या शनिवारी सोलापूरला यायचं हं. चौघीजणी, पूर्ण पोशाखात. मोठं प्रदर्शन आहे. पुण्याचे साहेब येणार आहेत, आपल्या मालाला हातकामाचा शिक्का द्यायला."

"व्हय ताई. पर कापड कवा येणार? बाया इचारत्यात."

"एकदा शिक्का मिळू द्या हो. मग कापड ठेवायला तुमच्या घरात जागा पुरायची नाही."

"आन माजा गणो? पंधरा दिसांसाटी न्हेला हुता. वरीस झालं की."

"अहो, तो तर आपला मान आहे! चौकटीत बसवलाय. तिथंच बघाल." फोन बंद झाला.

गणो म्हणजे भरतकामाचा चौकोनी तुकडा. डोक्यावर घागर ठेवायची ती चुंबळीवर, आणि चुंबळीला मागं हा गणो लटकतो, मानेवरून पाठीवर. कडेनं कवड्या. नवी नवरी सासरी पहिलं पाणी आणते ते हा गणो लावून. राजेश्वरीताईंनी नेला तो धुमाबाईच्या सासूच्या, हमलीबाईच्या हातचा. ताई गेल्या वर्षी तांड्यावर आल्या, चबुतऱ्यापुढं आपणहून चपला काढल्या, हात जोडले. तेवढ्यावर धुमाबाई भुलली. पेटीतून काढून दिला, आणि काय देतोय ते बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नबीसाब आले. सोलापूरहून जुन्या मोपेडवर काचा, कवड्या, दोरे घेऊन ते धुमाबाईच्या लग्नाआधीपासून तांडे फिरत. एरवी घरापुढं गाडी लावली की आधी पिशवी उघडायची, मग पाणी मागायचं. आज पिशवी गाडीलाच राहिली.

"पाणी घ्या की, भाई. आज काचा न्हाईत व्हय?"

"कांच कुणाला विकू, बहेन?" त्यांनी तांब्या वरून तोंडात धरला, मग सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. "हे बघ. बस्त्याच्या दुकानात ढीग लागलाय. मी म्हटलं, हे तर हमलीबाईचं काम. मग नख मारलं. देख."

त्यांनी आरशाला नख लावलं. आरसा टिकलीसारखा सुटून आला. प्लास्टिकचा होता.

धुमाबाईनं तुकडा हातात घेतला. क्षणभर तिला तिच्या पेटीतलाच वाटला. तोच तांबडा, तोच पिवळा, मधे तेच सूर्यफूल. उलटा केला तर मागं पांढरा कागद चिकटवलेला. हातानं भरलेल्या कामाला मागं गाठी असतात, दोरा कुठून कुठं गेला ते दिसतं. इथं काहीच गेलेलं नव्हतं.

मग तिचं बोट एक एक कोपरा चाचपत चौथ्यावर आलं. तो निळा होता. ना आरसा, ना कवडी.

"ह्ये बी?" ती म्हणाली. "भाई, दुकानात काय म्हनून इकत्यात ह्याला?"

"पाटी लावलीय. 'नवरीसाठी खास लमाणी हातकाम.' लोक रुखवतावर घालायला नेतात. नवरीच्या डोक्यावर बी धरतात."

धुमाबाईनं तुकडा खाली ठेवला आणि हात पदराला पुसला.

हमलीबाई तो गणो धुमाबाईच्याच लग्नासाठी भरत होती. तीन कोपरे झाले आणि विहिरीच्या कामावर दरड कोसळून तिचा नवरा गेला. नवरा गेलेली बाई लग्नाच्या कापडात तांबडा दोरा घालत नाही. पण सुई टोचलेलं कापड अर्धं टाकायचंही नाही. ते जेवत्या ताटावरून उठण्यासारखं. म्हणून हमलीबाईनं चौथा कोपरा निळ्या दोऱ्यानं पुरा केला, आरसा न लावता, आणि गणो लग्नातून काढून सतीमातेच्या पेटीत ठेवला. धुमाबाई लग्नात दुसराच लावून पाण्याला गेली. हा वर्षातून एकदा, दिवाळीच्या अमावस्येला, गेलेल्या माणसांच्या नावानं चबुतऱ्यावर पसरायचा. तांड्यातली पोरगी सुद्धा त्याला हसत खेळत हात लावत नसे.

नबीसाबांना हे माहीत होतं. तांड्यांत फिरून फिरून त्यांना बरंच माहीत होतं. "मला वाटलं तुला आधी सांगावं," ते म्हणाले. "शनिवारी तू तिथं जाशील आन असंच पुढ्यात बघशील, ते बरं नै."

ते गेल्यावर थावरा बाजेवरून बोलला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"साहेबाम्होरं एक शब्द बोलायचा तुला. 'आमचं.' येवढाच."

"त्ये आमचं न्हाय."

"सासू तुजी, गणो तुजा, मग आमचं कसं न्हाय? मशीन त्यांची. अर्धं खरंच हाय की."

"नवऱ्या पोरींच्या डोक्यावर घालत्यात, अवं."

"घालू दे. त्यांना म्हाईत हाय का? न्हाय म्हाईत त्याला काय बाधत न्हाय." तो कोपरावर उठायला गेला आणि मधेच थांबला. कपाळावर घाम आला. "शिक्का मिळाला की कापड येतंय. न्हाईतर चढीव पोरीला ट्रकात. माज्या जागी. मला दाव तिची मान मोळीखाली वाकलेली."

आत सोनल पुस्तक घेऊन बसली होती. तिथूनच आईला म्हणाली, "मी जाईन की, याडी. एक वरीस. परीक्षा पुडल्या साली दीन."

"तुला कुनी इचारलं?" धुमाबाई आईच्या आवाजात ओरडली. मग हळूच, "वाच तू."

शनिवारी चौघी पहिल्या गाडीनं निघाल्या. धुमाबाई, तिच्या शेजारची जमकी, आणि आणखी दोघी. घागऱ्यासारखा घेरदार पेटिया, पाठीला कसे असलेली चोळी ती काचळी, कोपरापर्यंत बांगड्या. एवढ्या पोशाखात एसटीच्या बाकावर दोन बायकांची जागा एकीला लागते. कंडक्टर म्हणाला, "लग्न कुटलं गं मावशे?" जमकी म्हणाली, "तुजंच. मांडव घातलाय, चल." गाडी हसली. जमकी खुशीत होती. तिच्या घरात तीन पोरं, आणि शिक्क्यानंतर येणाऱ्या कापडावर तिनं दिवाळी मांडली होती. धुमाबाईनं तिला नबीसाबांचं सांगितलं होतं. जमकीनं कानाआड केलं होतं.

सोलापुरात मैदानावर मोठा मांडव होता. संस्थेच्या गाळ्यात खुर्च्या होत्या, त्या येणाऱ्यांसाठी. चौघींना खाली सतरंजी. संस्थेतली एक मुलगी येऊन सांगून गेली की गिऱ्हाईक असताना चहा प्यायचा नाही, फोटोत कप येतात. एक बाई आली, तिनं धुमाबाईला पाठ फिरवायला सांगितली, म्हणजे काचळीचे कसे दिसतील. धुमाबाईनं फिरवली. बाईच्या पोरानं पेटियातला आरसा उपटून बघितला. जमकीनं त्याचा हात हलकेच बाजूला केला आणि हसली, कारण हसायचं ठरलं होतं.

मागं भिंतीवर काचेच्या चौकटीत हमलीबाईचा गणो. खाली पट्टी: संस्थेचा मूळ नमुना. आणि टेबलांवर, टोपल्यांत, दोरीवर, तोच गणो, तोच गणो, तोच गणो. प्रत्येकाचा एक कोपरा निळा.

धुमाबाईच्या सुईला त्या दिवशी कुणी काम दिलं नव्हतं. ती मांडीवर हात ठेवून बसली.

दुपारी साहेब आले. चष्मा, हातात कागदांची पाटी, स्वभावानं बरे दिसत होते. राजेश्वरीताईंनी खुर्ची दिली. इरकल नेसलेल्या, मऊ बोलणाऱ्या बाई. "सर, या धुमाबाई. हे सगळं यांच्या तांड्याचं काम. आणि हा चौथा कोपरा बघा. तीन सारखे, एक वेगळा. निरक्षर बाईला केवढी दृष्टी! परदेशी पाहुणे तर याच्यावरच थांबतात."

साहेब वाकले. "बाई, हे तुम्हीच केलं का?"

जमकीनं धुमाबाईच्या मांडीला चिमटा काढला. साहेबांच्या मागं चार-सहा लोक थांबले होते, त्यांत एक मुलगी हातात पिशवी धरून, हळदीच्या हातांची, लग्न जवळ आलेली. पिशवीतून निळा कोपरा बाहेर आला होता.

धुमाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, कधीच नसे.

"त्यो भितीवरचा माज्या सासूनं केला. ह्ये खालचे आमी केल्याले न्हाईत."

"धुमाबाई," राजेश्वरीताई हसत म्हणाल्या, "साहेबांना वेगळं वाटेल. तुमच्या तांड्याचं डिझाइन, म्हणजे तुमचंच ना?"

"साहेब, ह्ये उलटं करा." साहेबांनी एक उचलून उलटा केला. पांढरा कागद. "आता त्यो कोपरा. माजी सासू तीन कोपरे भरून बसली हुती तवा तिचा नवरा दरडीखाली गेला. चौथा कोपरा नवरा गेलेल्या बाईचा हाय. तिनं जन्मात एकदाच भरला. त्यात तांबडा न्हाय, आरसा न्हाय, म्हनून त्यो निळा हाय." तिनं दोरीकडं, टोपल्यांकडं हात केला. "हितं किती हायत? पाचशे? मला सांगा, पाचशे बायांचे नवरे गेले का?"

हळदीच्या हातांच्या मुलीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि मागं सरली. तिच्या आईनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

"मला कुणी सांगितलं नाही हो!" राजेश्वरीताईंचा चेहरा खरोखर उतरला होता. "मला वाटलं नक्षी आहे."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं. माजी बी चूक, न बोलता दिला."

ताई जवळ आल्या, आवाज खाली केला. "बाराजणींचं काम जाईल, धुमाबाई. जरा विचार करा. आत्ताही 'गैरसमज झाला' म्हणा."

"काम कवाच गेलंय, ताई. दोन महिन्यामागं, मशीनवर. आमाला नुसतं बसवाय आणलंय."

साहेबांनी हातातला तुकडा होता तिथं ठेवला. पेनाला टोपण लावलं आणि "मी नंतर बोलतो" म्हणून पुढच्या गाळ्याकडं गेले.

धुमाबाईनं भिंतीवरची चौकट उतरवली. मांडीवर पालथी घेतली, जाड सुईच्या टोकानं मागचे खिळे एक एक करून वर केले.

"अहो, ती संस्थेची आहे!"

"चौकट तुमची." तिनं काच आणि चौकट टेबलावर ठेवली, पट्टीसकट. गणो घडी करून काचळीच्या आत खोचला. "ह्यो न्हाय."

परतीच्या गाडीत वैरागच्या पुढं गेल्यावर जमकी बोलली.

"तुज्या सासूचा कोपरा वाचला, धुमे. माज्या पोरांनी काय खायाचं? तुजी सतीमाता वाढणार का?"

धुमाबाईनं काचळीतल्या गणोवरून पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवसापासून जमकी पाण्याला वेगळ्या वेळी जाऊ लागली. चबुतऱ्याशी धुमाबाई दिसली की वाट बदलायची. इतर बायकाही कमी बोलत. एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "लई धरमाची. भरल्या पोटी धरम हुतोय." धुमाबाई शुक्रवारी एकवेळच जेवत होती, आणि आता इतर वारीही दुसऱ्या वेळेला फार काही नसे.

दिवाळीच्या अमावस्येला तिनं गणो चबुतऱ्यावर पसरला. दिवा लावला. सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं.

घरी आली तर थावरा उंबऱ्याशी बसला होता. आढ्यातला कोयता सोनलकडून काढून घेतला होता आणि दगडावर पाणी शिंपडून धार लावत होता. बसून धार लावायला कंबर लागत नाही. त्यानं वर बघितलं नाही.

"पोरीच्या मुठीचा न्हाय ह्यो," तो म्हणाला. "मूठ तुज्या हाताच्या मापानं बांधलीय."

चार दिवसांनी ट्रक आला. मुकादम सिद्धराम केबिनच्या पायरीवर उभा राहून जोड्या मोजत होता. भांडी, ताडपत्र्या, शेळ्या, मग माणसं. थंडीनं बायकांनी पदर कानांवर घेतले होते. धुमाबाई गठुडं आणि कोयता घेऊन फळीवरून चढली. सोनल खाली थावराजवळ उभी होती, कॉलेजची पिशवी खांद्याला. साडेसहाची गाडी धरायची होती.

"सोनू, चढ गं," सिद्धराम म्हणाला.

"ती न्हाय चढत," धुमाबाई वरून म्हणाली. "ती बारावीला हाय."

"मग थावरा?"

"त्याला धरून उठवावं लागतंय. तो घरी भाकरी थापील पोरीला."

बाप्ये हसले. थावरा हसला नाही, पण त्यानं खालीही बघितलं नाही. "थापतो की," तो म्हणाला. "जळक्या."

"आन तू एकली?" सिद्धरामनं मान हलवली. "अर्धा कोयता मी न्हेत न्हाय, धुमाबाई. फडमालक माज्या नावानं शंख करतो. पोरगी तरी चढीव न्हाईतर तू उतर."

धुमाबाई उतरली नाही. गठुडं खाली ठेवून त्यावर बसली. ट्रकच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं. "मी तोडीन बी, बांदीन बी. सकाळी तासभर आधी लागंन. उतरायची न्हाय. हात धरून उतरीव."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. खाली अजून चार तांडे करायचे होते. सिद्धराम पायरीवरून फळीकडं आला.

"तोडशील, बांदशील. लई झालं. मोळी डोकीवर कोन दील तुज्या? एकल्या माणसाला उचलतीय व्हय ती? मधे कंबर गेली तर तुजा दवाखाना मी करू?"

मोळी दुसऱ्यानं उचलून दिल्याशिवाय डोक्यावर जात नाही, हे ट्रकातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. तिनं कडा आणखी घट्ट धरली.

"मी दीन," पाठीमागून आवाज आला.

जमकी ताडपत्र्यांच्या ढिगाला टेकून धाकट्याला पाजत बसली होती. महिन्यात पहिल्यांदा ती धुमाबाईच्या दिशेनं बोलली, तेही तिच्याकडं न बघता. "माजी मोळी ती दील, तिची मी दीन. बोलायला आमी लागणार न्हाय एकमेकीशी, उचलायला तोंड लागत न्हाय. धर अर्धा, सिद्धरामभाऊ, आन हाल हितनं. पोर गारठलंय."

सिद्धरामनं एकदा धुमाबाईकडं, एकदा जमकीकडं बघितलं. फळी ओढून आत टाकली आणि मागचा फाळका लावला.

"अर्धा," तो ड्रायव्हरला ओरडला. "चल!"

ट्रक हलला. खाली सोनल फाट्याच्या वाटेला लागली होती.